मानदुखी परत परत येते आणि सकाळी जबडा आवळलेला असतो : शिलाई आणि विडी कामगारांत नेमकं काय तपासायचं?

प्रश्न · शिलाईकेंद्र_निपाणी

नमस्कार मंडळी. निपाणी-चिकोडी भागातल्या बचत गटांच्या बायकांना शिलाई शिकवण्याचं काम आहे. काही जणी दिवसभर मशीनवर, काही जणी सकाळी मशीन आणि दुपारनंतर घरी विड्या. मान खाली घालून सहा-सात तास काम म्हटल्यावर मान दुखणार, त्याचं नवल नाही. पण तक्रारी लिहून घेताना एक जोडी सारखी समोर येते : मान आणि खांद्याची वरची कड धरते, त्याच बाजूच्या कानशिलात ठणका असतो, सकाळी उठल्यावर जबडा आवळल्यासारखा वाटतो आणि भाकरी चावताना कानापुढे दुखतं. कान तपासला तर कान स्वच्छ. दाढ तपासली तर कीड नाही. मानेचा एक्स-रे काढला की "मणक्यात गॅप कमी झालाय" असं निघतं, मग गळ्याला कॉलर, ट्रॅक्शन (वजन लावून मानेला ओढ देणं), गोळ्या. पंधरा दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न.

याच बायकांच्या सवयी बघितल्या तर : धागा दातानं तोडणं, टाचण्या दातात धरणं, सुपारीची खांड एकाच गालात ठेवून तासभर चघळणं, मोबाईल खांदा आणि कानात दाबून बोलत काम करणं.

विचारायचं हे : मान आणि जबडा यांचं खरंच नातं आहे का? केंद्रावर एक्स-रे वगैरे काही नसताना हे कसं ओळखायचं? आणि आम्ही काय शिकवावं, कशाला हात लावू नये? जाणकारांनी जरा खोलात सांगावं, वरवरचं "योगा करा" नको.

उत्तर · फिजिओ_बेळगाव

ताई, नातं खरं आहे. फक्त "जबड्यामुळे मान दुखते" असं एका ओळीत मांडलं की फसगत होते. ही दोन दुखणी एकाच माणसात एकत्र आढळणं नेहमीचं आहे. आधी कुठलं सुरू झालं हे बहुतेक वेळा ठरत नाही आणि उपचारासाठी ते ठरवायची गरजही पडत नाही. एकाला हात घातला आणि दुसरं तसंच सोडलं, तर सोडलेलं दुखणं पहिल्याला परत जागं करतं. तुमचं "पंधरा दिवस बरं, मग परत" यात हे बऱ्याचदा असतं.

आतली जोडणी अशी. चेहरा, दात आणि जबड्याची संवेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नस ज्या केंद्रात उतरते, त्या केंद्राचं खालचं टोक मानेतल्या मज्जारज्जूत वरच्या तीन मणक्यांच्या पातळीपर्यंत पोचतं. मानेच्या वरच्या तीन नसाही तिथेच येऊन मिळतात. पुढची वाट एकच असल्यामुळे दुखणं नक्की कुठून आलं हे मेंदूला नीट कळत नाही. म्हणून खांद्यावरच्या ट्रॅपेझियस स्नायूत गाठ असेल तर ठणका कानशिलात आणि जबड्याच्या कोपऱ्यात जाणवतो, आणि गालातल्या मॅसेटर स्नायूचं दुखणं दाढेत किंवा कानात. कान स्वच्छ असून कान दुखतो तो असा.

दुसरी जोडणी हालचालीची आहे. एक हात डोक्यामागे ठेवून तोंड मोठं उघडा. डोकं किंचित मागे गेलेलं हाताला लागेल. म्हणजे जबडा काम करतो तेव्हा मान सोबतीला असतेच. दात आवळले की मानेच्या पुढचा आणि खांद्यावरचा स्नायूही थोडा आवळला जातो. थोडाच, पण मशीनवर सुई ओवताना, काज करताना, कोपरा वळवताना दात आवळून धरायची सवय असेल तर तो "थोडा" दिवसभर चालतो. त्यात डोकं पुढे झुकलेलं. माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ते पुढे गेलं की मानेमागचे स्नायू ताणून धरतात, आणि गळ्यासमोरचे स्नायू खालच्या जबड्याला मागे-खाली ओढतात. जबडा जागेवर ठेवायला गाल आणि कानशिलातले स्नायू मग उगाच राबतात.

इथे एक गोष्ट बायकांना मुद्दाम सांगा. जेवणाव्यतिरिक्त वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले असायची गरजच नसते. चावणं आणि गिळणं धरून दिवसभरात दात टेकण्याचा एकूण वेळ साधारण २० मिनिटांच्या आसपास धरला जातो. एरवी ओठ मिटलेले आणि दातांमध्ये २ ते ४ मिलिमीटर फट, ही जबड्याची विश्रांतीची जागा. "मी दात खात नाही" असं बहुतेक जणी सांगतील आणि ते खरंही असेल, कारण करकर आवाज येत नाही. नुसते दात हलके टेकवून तासन् तास बसणं हीसुद्धा स्नायू थकवणारी सवय आहे, आणि ती करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

तपासणी. समोर बसवा, दात दाबायला सांगा, गालावर कानाच्या पाळीपुढे जो स्नायू टणक होतो तो मॅसेटर. कानशिलावर जो हलतो तो टेंपोरॅलिस. मग दात सुटे करायला सांगून बोटाच्या टोकानं साधारण १ किलो दाब २ सेकंद द्या. २०१४ साली आलेल्या जबड्याच्या दुखण्यांच्या आंतरराष्ट्रीय निकषांत हाच दाब धरला आहे. कानापुढच्या सांध्यावर याच्या निम्मा, अर्धा किलो. आता प्रश्न "दुखतं का?" एवढाच विचारू नका, दाबलं की कुणालाही थोडं दुखतं. विचारा, "रोज दुखतं ते हेच का?" हो म्हणाली तरच ती खूण धरायची. गालावर दाबताना मानेत किंवा कानशिलात जुना ठणका उठला, किंवा खांद्याची कड दाबताना जबड्यात उठला, तर दोन्हीकडे काम करायचं आहे हे ठरलं.

मग तोंड उघडायला लावा. तिच्याच हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये मावली पाहिजेत. शिलाईची पट्टी तुमच्याकडे असतेच, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजून लिहा. ४० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ठीक. ३५ च्या खाली असेल तर केंद्रावर व्यायाम सुरू न करता आधी दंतवैद्याकडे. जबडा उघडताना एका बाजूला सरकतो का, हे समोरून बघा. नुसता कट्कन आवाज येतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, तर त्यावर काहीच करायचं नाही. त्या आवाजाचं फार मनावर घेतलं जातं.

शिकवायचं काय? पहिले दोन आठवडे फक्त सवय. मशीनच्या डोक्यावर, सुईकडे बघताना नजरेत येईल अशी लाल टिकली लावा. नजर गेली की चार गोष्टी : ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकं टेकलेलं, खांदे सोडलेले. ही जागा सापडत नसेल तर ओठ मिटून "म्ऽऽ" असं गुणगुणायला लावा, दात आपोआप सुटतात. दहा वेळा नजर गेली त्यातल्या किती वेळा दात टेकलेले सापडले, हे वहीत रेघा मारून मोजा. दर आठवड्याला टिकलीची जागा बदला, नाहीतर डोळ्याला तिची सवय होते आणि ती दिसेनाशी होते.

सकाळी आवळलेल्या जबड्याला ओल्या कोमट फडक्यानं १० मिनिटं शेक, मग गालाच्या हाडाखालून जबड्याच्या कोपऱ्याकडे बोटं हलकी ओढत प्रत्येक बाजूला मिनिटभर मसाज. जीभ टाळूला टेकवून ठेवायची आणि ती सुटणार नाही इतकंच तोंड हळू उघडायचं, ६ वेळा. मानेसाठी पाठीवर झोपून डोक्याखाली घडी केलेला पातळ टॉवेल, "हो" म्हणताना हलते तेवढीच मान, हनुवटी किंचित आत, ५ सेकंद, १० वेळा. मानेच्या पुढचे दोन जाड स्नायू दोरीसारखे वर आले तर जोर जास्त लागतोय. आणि या व्यायामात दात आवळायचे नाहीत! हनुवटी आत घेताना निम्म्या जणी दात दाबतात, मग मान सुटते आणि जबडा धरतो. दात सुटे आहेत ना, हे प्रत्येक वेळी विचारा.

ट्रॅक्शनबद्दल वेगळं लिहितो, कारण इकडे ते सर्रास दिलं जातं. डोक्याला जो पट्टा अडकवतात त्याचा एक भाग हनुवटीखालून जातो. वजन लावलं की तो खालच्या जबड्याला वर ढकलतो, दाढा एकमेकींवर दाबल्या जातात आणि सगळा भार कानापुढच्या सांध्यावर येतो. ज्यांचा जबडा आधीच दुखतोय त्यांना ट्रॅक्शननंतर कानशिलात ठणका वाढला तर कारण हे असू शकतं. अशा पेशंटनं ट्रॅक्शन घेण्याआधी "जबडा दुखतो" हे सांगायचंच. डोक्याच्या मागच्या हाडाला धरून ओढ देणारी पद्धत किंवा हातानं दिलेलं ट्रॅक्शन हे पर्याय असतात. उंच, ताठ कॉलरही हनुवटी वर दाबते; ती महिनोन् महिने वापरली तर मानेचे स्नायू दुबळे होतात ते वेगळंच.

एक्स-रेमधल्या "गॅप कमी" बद्दल : चाळिशीनंतर मणक्यांतले असे बदल मान अजिबात न दुखणाऱ्या माणसांतही भरपूर दिसतात. हाताला मुंग्या, बोटांत ताकद कमी असं काही नसेल तर नुसत्या त्या ओळीवर दुखण्याचं खापर फोडू नये.

उत्तर · ओरलमेडिसिन_सीमाभाग

वरचं बहुतेक सगळं मान्य. पण आपल्या भागात एक पायरी सगळ्यात आधी लागते आणि ती इथे मागे पडली आहे : सुपारी.

सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्या माणसाचा जबडा आखडला तर तो स्नायूंचा ताण आहे असं गृहीत धरायचं नाही. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर जाड आणि ताठ होत जातं, याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुरुवातीला तिखट झोंबतं, कोल्हापुरी झणझणीत खाणारी बाई अचानक आमटीत पाणी घालायला लागते. मग गालाचं आतलं अस्तर फिकट, पांढुरकं दिसतं. गालात बोट घातलं तर उभे ताठ पट्टे लागतात, जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही, गाल फुगवता येत नाहीत. तोंड महिन्यागणिक कमी उघडायला लागतं. यात मसाज आणि टिकली लावून वेळ घालवणं धोक्याचं आहे, कारण ही कर्करोगाआधीची अवस्था ठरू शकते. सुपारीला तंबाखूशिवायही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीनं कर्करोग करणाऱ्या गटात कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००४ सालीच घातलं आहे. "मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी" हे उत्तर इथे घरोघरी ऐकू येतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

फरक ओळखायला एक खूण. स्नायू आखडला असेल तर तोंड उघडायला लावून पुढच्या दातांवर बोटानं अगदी हलका आधार दिला की दुखत दुखत का होईना, आणखी चार-पाच मिलिमीटर उघडतं. अस्तर ताठ झालं असेल किंवा सांध्यातली चकती अडकली असेल तर तिथेच कडक थांबतं. जोर लावून उघडायचा प्रयत्न केंद्रावर कुणीही करू नये. मिश्री लावणाऱ्या बायकांचंही तोंड आतून बघा : हिरडी, ओठाची आतली बाजू, गाल. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड दिसला तर मान राहू दे बाजूला, आधी तो दाखवा.

सुपारी चघळण्यानं स्नायूही थकतो, ते खरंच. खांड एका बाजूला धरून चघळली की त्या बाजूचा मॅसेटर दिवसभर राबतो, आणि काही जणींचा एक गाल चौकोनी दिसायला लागतो तो त्यामुळे. पण सुपारी सोडायचं कारण म्हणून मी मानदुखी पुढे करणार नाही. सुपारी सोडायला वर सांगितलेलं एकच कारण पुरेसं आहे.

आता दातांच्या खुणा. धागा तोडून, टाचण्या धरून पुढच्या दाताच्या कडेला छोटी खाच पडते, शिंपीकाम करणाऱ्यांत ती ओळखीची आहे. दातांची झीज म्हणजे आजही दात खाते असं नाही, ती जुनी असू शकते. जिभेच्या कडेला दातांचे ठसे आणि गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी रेघ, या खुणा सवयीकडे बोट दाखवतात, पण एकट्या खुणेवर निदान नको.

काय करू देऊ नये, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. "दात बरोबर बसत नाहीत म्हणून मान दुखते, दात घासून घेऊ" असं कुणी म्हटलं तर नको. दाताचं घासलेलं कवच परत येत नाही, आणि त्यानं मानदुखी जाते याला आधार नाही. कॅपा बसवणं, दाढ काढणं, तारा लावणं हे मानेसाठी करायचं नसतं. आधी परत फिरवता येतील असे उपाय.

रात्री दात खाणाऱ्यांना वरच्या सगळ्या दातांवर बसणारी कडक अॅक्रिलिकची प्लेट देतात. तिनं दात वाचतात, काहींचं दुखणं कमी होतं. दात खाण्याची क्रिया मात्र ती बंद करत नाही. ती फक्त रात्री घालायची, सकाळी काढून ब्रशनं थंड पाण्यात धुवायची. गरम पाण्यात वाकते.

शिलाईकेंद्र_निपाणी

दोघांनाही मनापासून धन्यवाद. सुपारीचं एवढं गंभीर असेल असं वाटलं नव्हतं, हे आधी तपासायला घेते.

दोन शंका. १ किलो दाब म्हणजे किती, हे बोटाला कसं कळणार? आणि दुकानात किंवा ऑनलाइन गरम पाण्यात मऊ करून दातांना बसवायची रबरी प्लेट मिळते, दोघी-तिघींनी ती मागवली आहे. चालेल का?

उत्तर · फिजिओ_बेळगाव

पहिल्याचं सोपं आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, काटा नसेल तर किराणा दुकानात जा. बोटाचं टोक काट्यावर टेकवून १,००० ग्रॅम दिसेपर्यंत दाबा, दोन सेकंद धरा, सोडा. नंतर काट्याकडे न बघता दाबा आणि मग बघा किती आलं. सुरुवातीला सगळ्यांचा दाब जास्तच येतो. ९०० ते १,१०० मध्ये सलग पाच वेळा आला की बोट तयार झालं. अर्धा किलोचंही असंच. नवी तुकडी तपासायच्या आधी एकदा परत काट्यावर दाबून घ्या. दाबणारी व्यक्ती एकच ठेवा, नाहीतर एकीचं "हलकं" दुसरीचं "जोरात" होतं आणि महिन्यानंतरची तुलना फुकट जाते.

उत्तर · ओरलमेडिसिन_सीमाभाग

रबरी प्लेट : नको. मऊ असते त्यामुळे काही जणी ती रात्रभर चघळत राहतात आणि सकाळी जबडा जास्त थकलेला असतो. फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या दातांवर बसणारी प्लेट तर त्याहून वाईट; जे दात मोकळे राहतात ते हळूहळू सरकतात आणि पुढे दात नीट मिटत नाहीत. मागवून झालीच असेल तर बाजूला ठेवायला सांगा.

दाखवायचं असेल तर बेळगावात केएलईचं डेंटल कॉलेज आणि मराठा मंडळाचं डेंटल कॉलेज, दोन्हीकडे "ओरल मेडिसिन" म्हणजे तोंडाच्या आजारांचा विभाग असतो. केसपेपर काढताना "जबड्याचा सांधा आणि तोंड कमी उघडणं" असं सांगा, म्हणजे थेट दात काढायच्या रांगेत जात नाही. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, तिथल्या दंतवैद्याकडे गेलात तरी हेच शब्द.

उत्तर · यंत्र_आणि_बैठक_वडगाव

डॉक्टर मंडळींनी शरीराचं सांगितलं. बैठक बदलली नाही तर व्यायाम सकाळी आणि दुखणं दुपारी, असं चालू राहतं. बेळगावच्या वडगाव-शहापुरात माग, शिलाई आणि बारीक कामाची बैठक बघणाऱ्यांनी जे ठरवून वापरात आणलं आहे, ते लिहितो.

शिलाई मशीनचं टेबल बसल्यावर कोपराच्या पातळीपेक्षा ५ ते १५ सेंटीमीटर वर यायला हवं. बहुतेक ठिकाणी स्टूल उंच आणि टेबल खाली असतं, म्हणून बाई काम बघायला मानेतून वाकते. आधी स्टूल कमी करून बघा. गुडघे टेबलाला लागत असतील तर मशीनच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे. त्यानंतर उतार : टेबल शिवणाऱ्याच्या बाजूला साधारण १० अंश कललं तर काम डोळ्यासमोर येतं आणि मान कमी झुकते. पायांमधलं अंतर ४० सेंटीमीटर असेल तर मागच्या पायांखाली ७ सेंटीमीटर म्हणजे जवळपास १० अंश. एकदम तेवढं देऊ नका, साडेतीन सेंटीमीटरपासून सुरू करा. ठोकळ्याला वरून खाच पाडा, खाली रबर ठोका. नाहीतर पाय मारताना मशीन चालत पुढे येतं. पायाच्या मशीनला सगळा स्टँडच कलतो, त्यामुळे पट्टा घसरत नाही. तेलाची टाकी असलेल्या मोटरच्या मशीनला मात्र मेकॅनिकला विचारल्याशिवाय उतार देऊ नका, तेल एका बाजूला जमतं.

धागा दातानं तोडतात कारण कात्री हाताशी नसते, एवढं साधं आहे. छोटा धागाकटर बोटभर सुतळीनं मशीनच्या उजव्या अंगाला टांगा. टाचण्यांसाठी मनगटाला बांधायची गादी किंवा चुंबकाची डबी. "दातानं तोडू नका" अशी पाटी लावून उपयोग शून्य; कटर टांगला की दोन दिवसांत दात सुटतात.

उजेड सुईवर पडला पाहिजे, डोक्यामागून नाही. चाळिशीच्या पुढच्या बाईला जवळचा चष्मा लागतोय का, हे आधी तपासा. धागा ओवताना डोळे बारीक, मान पुढे आणि दात आवळलेले, हे तिन्ही एकदम दिसलं तर पहिला संशय चष्म्यावर. नंबर काढताना वाचायचं अंतर न सांगता मशीनचं अंतर सांगायचं, ४० ते ५० सेंटीमीटर काय असेल ते मोजून.

विड्यांसाठी : भिंतीला पाठ, बुडाखाली घडी केलेली गोधडी १० सेंटीमीटरभर, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ कोसळत नाही. सूप मांडीवर थेट न ठेवता खाली उशी घालून वर आणा. पानं कापायचं आणि वळायचं काम अर्ध्या-अर्ध्या तासानं आलटून पालटून करता आलं तर उत्तम. हजार विड्यांच्या हिशेबात उठायला सवड मिळत नाही हे माहीत आहे, म्हणून उठायला न सांगता वळलेल्या विड्यांची जुडी बांधून झाली की मान वर, खांदे मागे, दात सुटे, तीन श्वास, असं जोडून द्या. त्याला वेगळा वेळ लागत नाही.

उत्तर · ग्रामीण_दवाखाना_खानापूर

थोडक्यात लिहितो, पण हे केंद्राच्या भिंतीवर लागलं पाहिजे. मान आणि जबडा एकत्र दुखतात तेव्हा प्रत्येक वेळी कारण सवय नसते.

हातापायाला जखम झाल्यानंतर काही दिवसांत जबडा घट्ट आणि मान ताठ : धनुर्वात असू शकतो. शेतात खिळा, काटा, विळा लागलेला असतो आणि जखम छोटी म्हणून कुणी सांगतही नाही. लगेच मोठ्या दवाखान्यात. ताप आणि मान पुढे वाकतच नाही, हेही त्याच दिवशी.

चढ चढताना, डोक्यावर ओझं घेताना जबडा-मान-डाव्या हातात दुखतं आणि थांबल्यावर कमी होतं : हृदय तपासा. बायकांत छातीत न दुखता असंच दिसू शकतं. घाम, धाप किंवा मळमळ सोबत असेल तर वाट बघायची नाही.

चक्कर किंवा उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेरॅझिन घेतल्यावर काही तासांत-दिवसांत मान एका बाजूला वळली, जबडा वाकडा झाला, जीभ ओढली गेली : हा औषधाचा परिणाम आहे. गावाकडे याला बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावत बसतात. दवाखान्यात इंजेक्शननं सहसा थोड्या वेळात उतरतो. मानेच्या चक्करेसाठी हीच गोळी बऱ्याच जणांना दिलेली असते, म्हणून विचारायचं.

पन्नाशीनंतर नव्यानं कानशील दुखणं, केस विंचरताना टाळू हुळहुळणं, चावताना जबडा थकणं, नजर अंधुक होणं : त्याच दिवशी डॉक्टर. हाताची पकड सुटणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं : मज्जारज्जूवर दाब आहे का ते बघायचं, मसाज किंवा मान मोडून घेणं अजिबात नाही.

औषधांचं आणखी एक. नैराश्य-चिंतेसाठी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी गोळी सुरू केल्यावर काहींना दात आवळायची सवय लागते. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना सांगायचं. डोस किंवा औषध बदलता येतं. आणि डोकं-मान दुखतं म्हणून महिन्यात १५ दिवस किंवा जास्त साधी वेदनाशामक गोळी तीन महिने घेतली, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. वहीत गोळ्यांचाही रकाना ठेवा.

शिलाईकेंद्र_निपाणी

वहीचा नमुना करायला घेतलाय. शेवटचं : किती दिवसांत फरक दिसायला हवा? आणि जेवणाचं काय, भाकरी बंद करायची का?

उत्तर · फिजिओ_बेळगाव

भाकरी बंद करायची गरज नाही. दुखणं जास्त असेल तेव्हा आठ-दहा दिवस भाकरी आमटीत कुस्करून, दोन्ही बाजूंनी चावून. ऊस दातानं सोलणं, फुटाणे, सुकं खोबरं, च्युइंगगम हे तेवढे दिवस बाजूला. कणीस दातानं न तोडता दाणे काढून. त्यानंतर हळूहळू नेहमीचं जेवण सुरू करायचं, कारण कायम मऊ खाल्लं तर स्नायू दुबळा राहतो. जांभई आली की जीभ टाळूला टेकवायची, तोंड प्रमाणाबाहेर उघडत नाही. पालथं झोपणं सोडायचं. रात्रभर मान एका बाजूला वळलेली आणि जबडा उशीत दाबलेला राहतो.

फरकाचं : टिकलीच्या रेघा आधी कमी होतात, साधारण दोन-तीन आठवड्यांत. दुखणं त्यानंतर. सहा आठवड्यांनी तीन आकडे परत घ्या : तोंड किती मिलिमीटर उघडतं, १ किलो दाबाला नेहमीचं दुखणं उठतं का, आणि गेल्या आठवड्यात दुखणं ० ते १० मध्ये किती. दुखण्याचा आकडा दोननं तरी खाली आला असेल तर तेच चालू ठेवा. रेघा कमी झाल्या पण दुखणं तसंच असेल, तर सवय हे मुख्य कारण नव्हतं. मानेच्या वरच्या सांध्यांची हातानं तपासणी करणारा फिजिओ गाठा. पाठीवर झोपवून मान पूर्ण पुढे वाकवून ते डावी-उजवीकडे फिरवून बघतात. साधारण ४० अंशांच्या पुढे मान वळते, ३२ च्या आत अडकली तर पहिल्या-दुसऱ्या मणक्यात काम आहे. ही चाचणी केंद्रावर करू नका.

आणि रेघाच कमी झाल्या नाहीत, तर त्या बाईला रागावू नका. आधी चष्मा, उजेड, स्टूल आणि दिवसाच्या नगांचं टार्गेट बघा. रात्री जोरात घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा. तसं असेल तर चिठ्ठीवर ते पहिल्या ओळीत लिहून आधी डॉक्टरांकडे पाठवा, फिजिओकडे नंतर.